रिकामा आला तरी आला

प्रिय चिसातो,

अक्षर वेडंवाकडं आलंय, त्याला हसू नकोस. कागद मांडीवर धरून पेन्सिलीने लिहितोय आणि बोटं गारठली आहेत. पत्राची सुरुवात ऋतूने करावी, मग खुशाली, मग मुद्दा, असं तुमच्या वर्गाला मीच शिकवलं होतं. एकदम मुद्द्यावर येणारा माणूस म्हणजे जोडे न काढता घरात शिरणारा पाहुणा. तेव्हा आधी ऋतू. आपल्या निगोरीसावात बर्फ अजून खिडकीच्या चौकटीपर्यंत आहे, पण त्याचा रंग उतरलाय. सकाळी त्याच्यावर कडक साय असते, दुपारी पाय गुडघ्यापर्यंत रुततो. ओढ्याकाठच्या वाळुंजाच्या काड्या लालसर दिसायला लागल्या आहेत. दरवर्षी त्या दिसल्या की मला दुसरीच्या पुस्तकातली वसंताची कविता आठवते आणि मी ती मोठ्याने म्हणतो. दरवर्षी तुझे बाबा ओढ्यापलीकडून ओरडायचे, "अहो गुरुजी, जरा जोरात म्हणा, निदान माझ्या छपरावरचं बर्फ तरी खाली येईल!" यंदा पलीकडून कुणी ओरडलं नाही. मी कविता अर्ध्यातच सोडली.

खुशाली अशी की हात्सुए आजीने मुळ्याचं लोणचं घातलं आणि यंदाही मीठ जास्त पडलं. आख्ख्या गावाने ते गोड मानून खाल्लं, कारण तिला सांगायची हिंमत कुणात आहे? तुमच्या घराचं छप्पर पोरांनी उपसून दिलं. मी एक दिवसाआड जातो, खिडक्या उघडतो, धूप लावतो, तसबिरीतल्या तुझ्या बाबांशी, आपल्या तोकुजोशी, थोडं बोलतो. बोलतो म्हणजे भांडतो. सवय जाता जात नाही. ओसरीला वाळत टांगलेली, तुमच्या काकीच्या झाडाची केशरी फळं तशीच होती. ती उतरवून घेतली. पांढरी साखर छान सुटली होती त्यांच्यावर. त्यानेच सोलून टांगली होती, हे फळांना कुठे ठाऊक, ती आपली गोड होत राहिली.

परवा शाळेचे जुने कागद चाळताना तुझा तो कोरा कागद सापडला. आठवतो? चौथीत असशील. मी सांगितलं होतं, बर्फावर कविता लिहा. सगळ्यांनी पांढऱ्या चादरी आणि कापूस लिहिला आणि तू वर नाव घालून कोरा कागद दिलास. मी विचारलं, हे काय? तर म्हणालीस, "हे आमचं शेत आहे." वर्ग हसला. मी मात्र तो भिंतीवर लावला. मी तेव्हाही असाच होतो, ढगात पाय असलेला. मग पालकांच्या दिवशी तुझे बाबा आले, बसचालकाचा गणवेश न उतरवताच. त्या कागदासमोर हाताची घडी घालून उभे राहिले. मला वाटलं आता रागावणार. तर म्हणाले, "चुकलंय. आमच्या शेतात एक खांब आहे." आणि खिशातून पेन्सिल काढून, मला न विचारता, कागदाच्या कडेला त्यांनी एक उभी रेघ मारली. ती रेघ अजून आहे. कोऱ्याला काहीच नाही म्हणणाऱ्यांतला तो माणूस नव्हता.

आणि तो ॲल्युमिनियमचा डबा. तुझ्या शाळेचाच, एका कोपऱ्याला पोचा आलेला. तू शिकायला आणि मग नोकरीला सेंदाईला गेलीस, तेव्हापासून तो घाटातून येरझारा घालत राहिला. तोकुजो निवृत्त झाला तरी चालक सगळे त्याचे चेले; सकाळच्या गाडीत डबा ठेवायचा, सेंदाईच्या थांब्यावर तू उचलायचा. जाताना वाळवलेली काकीची फळं, नाहीतर डोंगरातली भाजी. येताना आत तुझं काहीतरी. दुसऱ्याचं भांडं रिकामं परत करू नये, हे तुला आईने शिकवलेलं आणि आई गेल्यावरही तू पाळलेलं: एखादी गोळी, काड्यापेटी, एकदा नुसतं गिंकोचं पान. तोकुजो ते पान महिनाभर देवापाशी ठेवून होता आणि वर मला म्हणायचा, "पोरगी शहरात राहून चिक्कू झालीय, बघा, पालापाचोळा पाठवते."

एकदा मात्र डबा रिकामा आला. तुझं लग्न मोडलं त्या वर्षी, पण तोवर आम्हाला त्यातलं काही ठाऊक नव्हतं. त्याने झाकण काढलं, डबा उलटा केला, तळावर टिचकी मारली. मी म्हटलं, "विसरली असेल, कामाच्या गडबडीत." तो म्हणाला, "विसरली असती तर डबाच आला नसता, गुरुजी. रिकामा आला तरी आला. तिने धुतला, पुसला, झाकण लावलं आणि आत ठेवायला तिला काही सापडलं नाही." मग जाकीट चढवून तो दुपारच्या गाडीने तुझ्याकडे निघाला. जाताना मी विचारलं, काय बोलणार आहेस तिला? म्हणाला, "बोलायला काय, मी काय कवी आहे?" तीन दिवस तुझ्याकडे राहून तो परत आला आणि तू कशी आहेस याबद्दल एवढंच म्हणाला, "जेवली."

तुमच्या कंपनीच्या यंत्राची गोष्ट तू आमच्यापुढे काढलीस ती पानगळीत. तुमच्या शेगडीच्या टेबलाखाली तिघांचे पाय, वर गरम साके आणि तळलेला तोफू. नळाच्या प्रत्येक मीटरमध्ये एक बोलणारी चिप बसवायची, काल घरात किती पाणी वापरलं ते तिने रोज सकाळी कळवायचं, आणि वापर अगदीच कमी दिसला तर गावच्या कचेरीत घंटा व्हायची, म्हणजे कुणीतरी जाऊन बघेल. गावात एकटे राहणारे म्हातारे किती, हे तुला सांगायला नको होतं. एक तर समोरच बसला होता. तो भडकलाच. "म्हणजे मी किती वेळा मोरीत गेलो ते सेंदाईला कळणार? मी नाही बसवून घेणार!" तू म्हणालीस, "बाबा, मोरी नाही, नुसता आकडा." "आकडाच तर माझा आहे!" मग तू त्याच्याकडे न बघता सावकाश म्हणालीस, "मला तिकडे झोप लागत नाही, बाबा." त्याने पेला खाली ठेवला. दुसऱ्या दिवशी सकाळी मीटरवरचं बर्फ काढायला लागेल ते फावडं त्याने आपणहून दाराशी आणून ठेवलं.

त्याच संध्याकाळी मी तुला विचारलं होतं, तू हे यंत्राला सांगतेस कुठल्या भाषेत? तू म्हणालीस, पायथन. आणि मला आवडेल म्हणून सांगायला लागलीस की या भाषेत कुठलीही वस्तू पुढे करून विचारता येतं, ही खरी की खोटी? मी सावरून बसलो. आयुष्यभर कवितेला मी दुसरं काय विचारत आलो? "आणि ती ठरवते कशावरून?" "आत बघून, गुरुजी. आत काही असलं तर खरी, काही नसलं तर खोटी. रिकामी यादी खोटी. एकही अक्षर नसलेली ओळ खोटी. शून्य खोटं. आणि जे मुळात आलंच नाही, ज्याच्या जागी काहीच नाही, तेही खोटं." तोकुजोने पेला एका घोटात संपवून उलटा धरला. "हा आत्तापर्यंत खरा होता, आता खोटा झाला. चल, पुन्हा खरा कर." तू ओतलंस. मी विचारलं, आणि कुणी 'खोटं' हाच शब्द लिहून पुढे केला तर? "तर तो खरा. आत अक्षरं आहेत ना." "मग ही पुढाऱ्यांची भाषा आहे," तोकुजो म्हणाला, आणि आपण तिघेही किती हसलो.

मग तू फडताळातून आईचे दोन लाखी डबे आणलेस, एक मोठा, एक लहान, दोन्ही रिकामे. दोन्ही खोटे, म्हणालीस. मग लहान डबा मोठ्यात ठेवलास. "आता मोठा खरा झाला." मी म्हटलं, असं कसं, आतला तर रिकामाच आहे. तू म्हणालीस, "मोठा डबा एवढंच बघतो की आपल्यात कुणी आहे का. जे आहे ते आतून भरलेलं आहे की रिकामं, हे तो विचारत नाही." तोकुजोने लहान डब्यावर बोट ठेवलं. म्हणाला, "तुझी आई गेल्यावर हे घर असंच होतं." आणि मग, आपल्याला वाटू नये की तो भावुक झाला म्हणून, त्याने तुझ्या पुढ्यातला तोफू उचलून खाल्ला.

शून्य, आणि जे आलंच नाही ते, ही दोन तू त्या संध्याकाळी एका दमात सांगितलीस. आम्हाला कुणालाच त्यात काही खटकलं नाही. कसं खटकेल? भाषेचा नियमच तसा होता, आणि तू तो बरोबर सांगितलास.

यंत्र येण्याआधी तोकुजोची आणि माझी आपली एक पद्धत होती. सकाळी उठलं की त्याने ओसरीला पिवळा पंचा टांगायचा, मी माझ्या. ओढ्याच्या दोन्ही काठांवरून दिसायचे. पंचा दिसला की माणूस जिवंत, आणि संध्याकाळी उतरवला नाही तर माणूस आळशी. यंत्र बसलं तसं तो म्हणाला, "आता कशाला गुरुजी, आता आपलं पाणीच चुगली करतं." ते मलाही पटलं. सगळ्या गावालाच पटलं. हे मी दोष वाटून घ्यायला लिहीत नाही, दोष वाटून कमी होत नाही हे तुला माझ्याहून चांगलं माहीत आहे. नुसतं होतं तसं लिहितो.

पहिल्याच मोठ्या बर्फात मीटर गाडले गेले आणि त्यांचा आवाज कचेरीत पोचेना. ज्याचा आकडा आला नाही त्याच्या नावाने घंटा. रोज सकाळी गावभर फोन. हात्सुए आजीने तर कचेरीतल्या निशिगाकीला फोनवरच झापलं, "मेल्या, रोज मी मेले का म्हणून विचारतोस, एखाद्या दिवशी खरंच मरून दाखवीन!" बिचारा निशिगाकी रडकुंडीला आला आणि त्याने तुला विनवलं, काहीतरी करा, खऱ्या घंटेकडेसुद्धा आता कुणी बघायचं नाही. तू एक ओळ घातलीस. आधी बघ, आकडा आहे का. असेल तर तपास, फार कमी असला तर घंटा कर. नसेल तर बर्फ समज आणि उद्या पुन्हा विचार. मागाहून सभेत ती तू आम्हाला फळ्यावर लिहून दाखवलीस, एवढीशी ओळ. तुमच्या लोकांत तशी लिहायची रीतच आहे, म्हणालीस; 'आकडा आला आहे का' असं लांबलचक विचारायच्या ऐवजी 'आकडा खरा का' एवढंच विचारायचं. सुटसुटीत. तू ती तपासूनही पाहिली होतीस: आकडा येणारं घर, न येणारं घर, कमी पाण्याचं घर. ज्या घरातून शून्य येईल असं घर तेव्हा आपल्या गावात नव्हतं.

तुझे बाबा पाइप गोठू नयेत म्हणून झोपण्यापूर्वी दाराशी असलेली मुख्य चावी बंद करायचे आणि नळ रिकामे करायचे. दुसरे लोक धार बारीक सोडून ठेवतात. त्यांना पाणी वाया गेलेलं खपत नसे. त्या सकाळी ते चावी उघडायला उतरले आणि पायरीवरून मातीच्या जमिनीवर पडले. चावी उघडलीच गेली नाही. एक पेलाभर पाणी सांडलं असतं तरी आकडा कमी दिसला असता आणि घंटा झाली असती. काहीच सांडलं नाही, म्हणून झाली नाही. मीटरवरचं बर्फ त्यांनी आदल्या दिवशीच काढलं होतं, फावडं तिथेच टेकलेलं होतं. मीटर नीट बोलत होता, रोज सकाळी त्याने शून्य कळवलं, आणि कचेरीतल्या पडद्यावर तोकुजोच्या नावापुढे बर्फाची खूण उमटत राहिली.

मला कळलं ते पायवाटेवरून. रस्ता साफ करणारी गाडी जाऊन गेली होती, आणि त्याच्या दारापासून रस्त्यापर्यंतची वाट तशीच बुजलेली होती. तोकुजो आणि बुजलेली वाट! मी पोचलो तेव्हा तो दाराशी होता. अंगावर खुंटीवरून ओढून घेतलेलं जुनं गणवेशाचं जाकीट. हातात रबरी बूट. दाराच्या खालच्या फळीवर त्या बुटाने ठोकल्याच्या खुणा होत्या. बर्फ आवाज खातो, चिसातो. कवितेत मी हे फार कौतुकाने शिकवायचो.

तो लगेच गेला, असं मी लिहिणार नाही. डॉक्टर बोलत होते तेव्हा तू माझ्या शेजारी उभी होतीस. पहिलं शून्य आलं त्या सकाळी तो जिवंत होता. हे तू ऐकलंस, मीही ऐकलं, आणि यावर ठेवायला माझ्याकडे कुठलीही कविता नाही. शोधली. नाही.

मग सभागृहातली ती सभा. तुमच्या कंपनीचे साहेब वाकून नमस्कार करून उठले आणि म्हणाले, "काही तांत्रिक अडचणीमुळे..." आणि तू मधेच म्हणालीस, "अडचण नाही. ओळ आहे. मी लिहिलेली." फळ्यावर लिहिलीस, पुसली नाहीस. हात्सुए आजीने तेवढं विचारलं, "म्हणजे शून्य आलं, आणि काही आलंच नाही, हे दोन्ही एकच धरलं गेलं होय गं?" तू म्हणालीस, "हो." आणि इतकी वाकलीस की कपाळ टेबलाला लागलं, आणि तशीच राहिलीस. म्हातारी आता रोज मला धरते. "गुरुजी, मी पोरीला टोचायला नव्हतं हो विचारलं. मला खरंच कळलं नव्हतं." तिने तुझ्यासाठी भाताचे गोळे बांधून आणले होते. तू ते न घेता गाडीत बसलीस, हे तिच्या फार जिव्हारी लागलंय.

जाण्याआधी तू ती ओळ दुरुस्त केलीस. ती चालते, हे तुला कुणी कळवलं नसेल. मागच्या आठवड्यात हात्सुए आजी कुणाला न सांगता बहिणीकडे राहायला गेली. तिच्या घरातून शून्य आलं आणि कचेरीत घंटा वाजली. निशिगाकी नुसत्या मोज्यांवर बर्फातून धावला. मी धावलो, म्हणजे माझ्या मानाने. रिकामं घर सापडलं, आणि दुपारी आजी मिठाईचा पुडा घेऊन बसमधून उतरली. सगळ्यांनी तिला इतक्या शिव्या घातल्या की ती खूश झाली. तोकुजोला ही ओळ उशिरा मिळाली. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत आणि एकीने दुसरी पुसली जात नाही.

इथवर ऋतू झाला, खुशाली झाली. आता मुद्दा.

मंगळवारी तुझं पार्सल आलं. चिठ्ठी नाही. तुमच्या घराची किल्ली, घराचा शिक्का, सहावी संपल्यावर मी तुला दिलेलं कवितांचं पुस्तक, आणि तो पोचा आलेला डबा. घासून लख्ख केलेला, आणि मला आवडतात त्या उडदाच्या मिठायांनी काठोकाठ भरलेला. डबा रिकामा आला असता तर मी तोकुजोसारखा जाकीट चढवून निघालो असतो. हा भरलेला आला आणि मी आधी फोनकडे धावलो. ज्याला आता कुणाकडून काही घ्यायचं नाही आणि परत काही पाठवायचं नाही, तोच माणूस असं सगळं ज्याचं त्याला देऊन टाकतो. तूच सांगितलं होतंस, 'खोटं' असा शब्द लिहिला तरी ती भाषा त्याला खरं मानते, कारण आत अक्षरं असतात. मी मानत नाही. भरलेला डबाही खोटा असतो. तुझा फोन बंद होता. निशिगाकीने सेंदाईच्या पोलिसांना कळवलं. ते म्हणाले, दारातूनच बोलली, ठीक आहे म्हणाली. पहिल्या गाडीने मी घाट उतरलो. हे पत्र मी गावातून लिहीत नाही, चिसातो. तुझ्या दाराबाहेरच्या जिन्यावर बसून लिहितोय. सकाळी तो दार ठोठावणारा मीच होतो. तू उघडलं नाहीस, तेव्हा मी दाराशेजारचं ते लोखंडी कपाट उघडून तुझा पाण्याचा मीटर बघत उभा राहिलो. ते छोटं चक्र हलत नव्हतं. किल्ली आणायला खाली व्यवस्थापकाकडे निघणार, इतक्यात ते फिरलं. जेमतेम पेलाभर. मग मी जिन्यावर बसलो आणि कागद काढला. व्यवस्थापकाला मी जिन्यावरून हाक मारून सांगितलंय, तो किल्ली घेऊन खाली थांबलाय. ते चक्र पुन्हा थांबून राहिलं तर मी ते बर्फ समजणार नाही, दार उघडून घेईन, आणि तू त्याबद्दल मला आयुष्यभर नावं ठेव. हे पत्र आता दाराच्या फटीतून आत सारतो. डबा उंबऱ्याशी ठेवलाय. त्यात तुझ्या बाबांच्या हातच्या काकी आहेत, शेवटच्या, आणि हात्सुए आजीचं खारट लोणचं. दार उघडायचं नसेल तर उघडू नकोस, बोलायचं नसेल तर बोलू नकोस. मी तुला बरं वाटायला सांगत नाही, आणि तुझी चूक नव्हती असंही म्हणत नाही. डबा आत घे, आणि रिकामा करून बाहेर ठेव, एवढंच. धुऊ नकोस, आत काही घालू नकोस. रीत मोडली तर मोडू दे. मला तो रिकामाच हवाय. तुझ्या या खोलीत तू आहेस, म्हणून खोली खरी. तू आतून काय आहेस, ते मी विचारत नाही.

उंबऱ्याच्या अलीकडे बसलेला,
तुझाच,
कुनिमात्सु गुरुजी